चालू पड

सातबाऱ्यावर 'पड' असा एक शब्द येतो. शेतकऱ्याला तो माहीत आहे, शहरातल्या वाचकासाठी सांगतो. ज्या जमिनीत पीक घेतलं नाही तिच्यापुढं 'पड' लिहितात. पण पडीचे प्रकार दोन. एक चालू पड आणि दुसरी कायम पड. चालू पड म्हणजे यंदा पेरलं नाही, पुढं पेरलं जाईल. कायम पड म्हणजे या जमिनीचा नाद सोडला. कागदावर एवढ्याशा शब्दाचा फरक, पण जमिनीच्या जन्माचा प्रश्न असतो.

आमच्या रानशेतकडं डोंगर उताराला वरकस जमीन आहे. आमचा आजा त्या जमिनीत पहिल्या वर्षी नागली घ्यायचा, दुसऱ्या वर्षी वरी घ्यायचा आणि मग दोन-चार वर्षं ती सोडून द्यायचा. त्या वर्षांत तिच्यात गवत वाढायचं, पाला पडायचा, गुरं फिरायची. बाहेरचा माणूस बघून म्हणायचा, ही जमीन आळशी माणसाची आहे. आजा म्हणायचा, "ती निजली नाय, ती कामावर हाय." पड हा शेतीचाच भाग आहे, हे त्याला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं.

जमिनीच्या बाबतीत एवढं आपल्याला कळतं. माणसाच्या बाबतीत का कळत नाही, हा माझा प्रश्न आहे. एखादं पोर शाळेत मागं पडलं, दहावीला गेलं, दोन-तीन वर्षं कामाला लागलं, की त्याच्या नावापुढं आपण लगेच कायम पड लिहून मोकळे होतो. ही नोंद करायचा अधिकार कोणाला आहे? आणि ते पोर पुन्हा कॉलेजच्या दारात उभं राहिलं, तर त्याला आत घेणं हा उपकार की त्याचा हक्क? मी शिकलो दहावीपर्यंत. पण साठी उलटल्यावर माणसानं अशा प्रश्नांवर बोलायला हरकत नाही असं वाटतं, म्हणून लिहितो.

आमच्या पाड्यावरचा एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. दहावीला गणित आणि इंग्रजीत गेला. दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला. भट्टीवर तीन हंगाम काढले, मधल्या दिवसांत बोईसरला कंपनीत ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून राहिला. धाकट्या बहिणीला आश्रमशाळेत ठेवलं ते त्याच्या पैशावर. मग एक दिवस काय मनात आलं, पुन्हा फॉर्म भरला, दोन्ही विषय सोडवले. बेचाळीस टक्के पडले. वय एकोणीस. अकरावीला जायचं म्हणाला.

प्रवेशाला गेला तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला सगळं होतं. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "गॅप सर्टिफिकेट कुठं?" तीन वर्षांचा खंड आहे, त्या काळात काय करत होतास ते प्रतिज्ञापत्रावर लिहून आण. साहेबांचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे. मधल्या काळात दुसरीकडं प्रवेश घेतला नव्हता ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. पण पोर माझ्याकडं आलं आणि म्हणालं, "काका, गॅप म्हणजे काय?" मी म्हटलं, गॅप म्हणजे मोकळी जागा. तो गप्प बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मोकळा तर मी एक दिवस नव्हतो."

त्याच्या या बोलण्यानं मी विचारात पडलो. तीन वर्षं पहाटे उठून गारा तुडवला, विटा थापल्या, भट्टीची उचल फेडली, बहिणीला शिकवलं, आणि कागद त्याला मोकळी जागा म्हणतो. मला इथं भट्टीचं कौतुक करायचं नाही. भट्टीवर कोणाचंही पोर जाऊ नये. विटांचा आणि उचलीचा हिशेब तोंडावर येतो म्हणून बीजगणितही येतं, असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणणं ही खोटी माया झाली. भट्टीचा हिशेब वेगळा आणि पुस्तकाचा वेगळा. माझं म्हणणं इतकंच की तीन वर्षं काम केलेला माणूस आणि तीन वर्षं काहीच न केलेला माणूस यांना एकाच शब्दात बसवू नये.

आता त्याची सुरुवात वाईट का झाली ते बघू. कारण सुरुवातीवरूनच सगळे त्याला तोलतात.

आमच्याकडं भात थेट शेतात पेरत नाहीत. आधी उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, पाला, गवत पसरून त्यावर माती टाकून जाळायचं. पाऊस पडला की त्या जागी बी टाकायचं. तीन-चार आठवड्यांनी आवण तयार होतं. ते उपटायचं, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात लावायचं. लावल्यावर आठ-दहा दिवस आवण पिवळं पडतं. मान टाकतं. नवख्या माणसाला वाटतं, गेलं हे. पण शेतकरी तेव्हा बांधावर शांत बसलेला असतो. त्याला माहीत असतं की मुळं तुटलीत, नवी मुळं धरायला वेळ लागणार. मग एका सकाळी बघावं तर सगळं खाचर हिरवं.

आमच्या पोरांची शाळा म्हणजे अशी लावणी आहे. घरात वारली बोली. तोंडात 'मना' येतं, पुस्तकात 'मला' असतं. घरातलं बोलणं एक, गुरुजींचं एक, पुस्तकाचं तिसरं. तलासरीकडं गेलात तर बाजारात गुजराती चौथी. सहा वर्षांचं पोर एका मातीतून उपटून दुसऱ्या मातीत लावलं जातं. ते पिवळं पडणारच. पण शाळेत ते आठ दिवस मोजायला कोणी थांबत नाही. पहिलीत गप्प बसलं म्हणून त्याला मठ्ठ म्हणतात, दुसरीत मागच्या बाकावर बसवतात. तिथून पुढं पोर स्वतःच मागच्या बाकावर जाऊन बसायला शिकतं. आवण मेलं नव्हतं, त्याला मेलेलं धरून पाणी बंद केलं.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा घरात पेरणी. जुलैत आवणी, तेव्हा मोठी पोरं चिखलात. दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी भिवंडी-वसईकडं, कोणी उंबरगाव-वापीला, कोणी डहाणू-घोलवडच्या चिकूवाडीत. होळीला माणसं परत येतात तोवर वर्ष संपलेलं. ज्यानं शाळेचं वर्ष ठरवलं त्यानं पंख्याखाली बसून ठरवलं, त्याच्या घरी भात लावत नव्हते.

आणि नापास झालेल्याला दुसरी संधी कधी मिळते ते बघा. पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरला व्हायची. ऑक्टोबर म्हणजे भात कापणी. २०१५ पासून ती जुलैत घ्यायला लागले, पोराचं वर्ष वाचावं म्हणून. हेतू चांगला. पण जुलै म्हणजे आवणी. एकदा कापणी आडवी आली, एकदा लावणी आडवी आली. शहरातल्या मुलाला जी संधी वाटते ती आमच्या मुलाला घरच्या भाकरीशी भांडून घ्यावी लागते.

माझंच सांगतो. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची बोर्डाची परीक्षा आली. मी १९७७ ला बसलो, म्हणजे नव्या पद्धतीच्या पहिल्या काही वर्षांतला. इंग्रजीत गेलो. ऑक्टोबरला बसायचं ठरवलं होतं. त्या वर्षी बाबा आजारी पडला, आणि शेतातलं भात परीक्षेसाठी थांबत नाही. हाती विळा आला तो आला. मला शेतीचं वाईट वाटत नाही. शेतीनं मला पोसलं, बोलायला शिकवलं. पण माझ्या नावापुढं जे लिहिलं गेलं ते इंग्रजीच्या पेपरनं लिहिलं की बाबाच्या आजारानं, हे मात्र कागद बघून कोणाला कळणार नाही.

आता दुसरी बाजू. माझा एक भाचा शहरात मास्तर आहे. हुशार आहे, मनानं चांगला आहे. तो म्हणतो, "मामा, तुमचं सगळं पटतं. पण जी मुलगी रात्रंदिवस अभ्यास करून ऐंशी टक्के मिळवते तिचं काय? बेचाळीसवाल्यालाही आत आणि तिलाही आत, मग तिनं कष्ट का करावेत? आणि तुम्ही तरी बी निवडून घेता ना? मिठाच्या पाण्यात टाकता, तरंगेल ते फेकता. मग कॉलेजनं निवडलं तर राग का?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आम्ही खरंच भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतो. पोकळ दाणा वर येतो, भरलेला खाली बसतो. वरचा काढून टाकतो. त्याची दया करत बसलो तर राब विरळ होईल आणि वर्षाचं पोट उपाशी राहील. निवड करणं पाप नाही.

पण मी भाच्याला म्हटलं, आपण कोणता दाणा मिठाच्या पाण्यात टाकतो ते बघ. पिकलेला, कापलेला, झोडलेला, वाळवलेला. त्याचं भरणं मागच्या वर्षीच होऊन गेलंय. तो आता भरायचा नाही, पोकळ असेल तर पोकळच. पण लोंबीतला दाणा दुधात असताना तो तोडून कोणी मिठाच्या पाण्यात टाकतं का? तेव्हा सगळेच दाणे तरंगतील. सोळा वर्षांचं पोर म्हणजे दुधातला दाणा. आणि त्यात भाताच्या जाती वेगळ्या. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापायला येतं, गरवं त्यानंतर कितीतरी दिवसांनी. दसऱ्याला शेतात जाऊन गरव्याची लोंबी हातात घेतली आणि म्हटलं ही पोकळ आहे, तर चूक भाताची की बघणाऱ्याच्या घाईची?

भाचा हसला, पण गप्प झाला नाही. म्हणाला, "आणि ती ऐंशीवाली?" तिचं उत्तर असं. कॉलेजचा प्रवेश हे बक्षीस आहे की रस्ता आहे, हे आधी ठरवायला पाहिजे. बक्षीस असेल तर ते जास्त मार्कांवालीलाच मिळालं पाहिजे, बेचाळीसवाल्याला दिलं तर तिच्यावर अन्याय. पण रस्त्यावर माझ्या बाजूनं दुसरा चालला म्हणून माझी वाट कमी होत नाही. जिथं जागा मोजक्या आहेत, डॉक्टरकी आहे, इंजिनिअरिंग आहे, तिथं कोणाला आधी हे ठरवायला माप लागणारच, आणि ते माप लावताना कोण कुठल्या मातीतून आलं तेही धरलं पाहिजे. पण बारावी, बी.ए., शेतीचा डिप्लोमा, आयटीआय ही तर चालायची वाट आहे. तिथं पहिल्या पायरीवरच माणूस परत पाठवायचं कारण मला दिसत नाही. माप लावा ना, बाहेर पडताना लावा. आत येताना दार मोठं असावं, बाहेर जाताना उंबरा सगळ्यांना सारखा असावा. त्यात ऐंशीवालीचं काही जात नाही आणि बेचाळीसवाल्यालाही फुकट काही मिळत नाही.

मात्र दार मोठं करणं आणि शिकवणं ही दोन कामं आहेत, हे विसरलं की मोठा घोटाळा होतो. तो आपल्याकडं झालाय. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं ठरलं. विचार बरोबर होता. लहान पोराला नापासाचा शिक्का मारला की ते शाळाच सोडतं. पण त्या कायद्यातच दुसरंही होतं, की पोराला सतत तपासत राहा, कुठं अडलंय ते बघून तिथं हात द्या. पहिलं करायला सोपं होतं, ते झालं. दुसऱ्याला मेहनत होती, ते बऱ्याच जागी राहिलं. पोरं ढकलत ढकलत नववीत आली आणि नववीत त्यांना धड वाचता येईना. मग ओरड झाली, २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि आपल्या राज्यात पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. पाणी द्यायचं राहिलं म्हणून पीक गेलं आणि दोष बियाण्याला दिला, तसं झालं हे.

म्हणून मी म्हणतो, नापास करून हाकलणं ही जशी एक क्रूरता आहे, तशी न शिकवता पुढं ढकलणं ही दुसरी. दुसरीला मायेचं रूप असतं म्हणून ती जास्त फसवते. त्या पोराला कॉलेजात घेतलं आणि पहिल्या दिवसापासून त्याला न कळणाऱ्या भाषेत तास घेतले, तर त्याला दारातून आत घेऊन अंधाऱ्या खोलीत कोंडल्यासारखंच झालं.

हे वेगळ्या तऱ्हेनं करता येतं, हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. आमच्याच तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली त्या कोसबाडला आल्या. आज देशभर अंगणवाडी म्हणतात तो शब्द या बायांच्या कामातून आला. पण मला त्याहून मोठी वाटते ती कुरणशाळा. पोरं शाळेत का येत नाहीत, तर गुरं राखायला जातात. दुसऱ्या कोणी नोटीस काढली असती, बापाला दंड केला असता, पोराला गैरहजर लिहिलं असतं. यांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. पोरानं शाळेपर्यंत यायचं तेवढं यावं, आणि उरलेलं अंतर शाळेनं चालावं, असा तो न्याय होता.

अनुताईंना हे सुचलं याचं मला नवल वाटत नाही. त्यांचं स्वतःचं शिक्षणच असं तुटक झालेलं. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य. पुढं शिक्षिका झाल्या, दिवसा शिकवायच्या आणि रात्रशाळेत शिकायच्या, तशा १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पदवी घेतली ती १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर. आता यांच्या मधल्या वर्षांना काय म्हणायचं? गॅप? त्या गॅपमध्ये आमच्या पिढ्या शिकल्या.

जोतीराव फुल्यांचंही असंच. प्राथमिक शाळा सुटली, बापानं मळ्यात कामाला लावलं, लग्न झालं. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली म्हणून १८४१ साली ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. वय चौदा. तेव्हा कोणी म्हटलं असतं, मळ्यात राबलेला पोरगा आता काय शिकणार, तर? सात वर्षांनी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आणि १८८२ साली हंटर साहेबाच्या आयोगापुढं शेतकऱ्यांच्या पोरांच्या शिक्षणाची बाजू मांडली ती याच माणसानं. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकपर्यंत पोचले नाहीत. पण १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, जिथं पोरानं कमवायचं आणि शिकायचं. काम करणाऱ्या पोराला तिथं काम लपवावं लागलं नाही, तेच त्याची फी झालं. पुढं १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं. ज्यांची बारावी झाली नाही त्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडं जायची वाट त्यांनी ठेवली होती. कितीतरी कंडक्टर, पोलीस, घरच्या बाया त्या वाटेनं गेल्या. ही सगळी माणसं चालू पडीची ओळख असलेली.

या मोठ्या माणसांची नावं घेताना मी एक काळजी घेतो. मागं पडलेला प्रत्येक पोरगा पुढं फुले होतो, असं काही नाही. तसं सांगून पोरांना फसवू नये. न्यायासाठी कोणाला थोर व्हावं लागत नाही. आमच्या पोरानं बी.ए. होऊन एखाद्या पतपेढीत कारकुनी केली, नाहीतर शिकून परत शेतीच केली, तरी त्याला आत घेणं बरोबरच होतं.

आता त्या पोराचं पुढचं सांगतो. प्रवेश मिळाला. मिशा आलेला पोरगा सोळा वर्षांच्या पोरांत बसायला लागला. पहिला महिना लाजेत गेला. एकदा घरी येऊन म्हणाला, "काका, माना नाय जायचं. सगळं पोरां मना मामा सांगतात." मी त्याला काही उपदेश केला नाही. आवणी चालू होती, म्हटलं चल चिखलात. मुठी टाकता टाकता त्याला शेजारचं आधी लावलेलं खाचर दाखवलं. पिवळं पडलं होतं. तो शेतकऱ्याचाच पोरगा, त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी गेला कॉलेजला.

बारावी झाला. आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. दोन विषय राहिलेत, ते पुन्हा देणार आहे. पुढं काय होईल मी सांगू शकत नाही. त्याच्याबरोबर पलीकडच्या पाड्यावरचा आणखी एक जण गेला होता, त्यानं अकरावीतच सोडलं, परत कंपनीत गेला. लोक म्हणाले, "बघा, फुकट गेली जागा." मला नाही तसं वाटत. पेरलेलं सगळं उगवत नाही, म्हणून कोणी पेरणी बंद करत नाही. आणि तो गेला तो हाकलला म्हणून नाही, स्वतः बघून गेला. उद्या त्याला पुन्हा यावंसं वाटलं तर वाट त्याच्या पायाला ओळखीची आहे.

पण एक गोष्ट पोरांनाही सांगायला पाहिजे. दार उघडं असणं हा तुमचा हक्क आहे, पण आत बसून काय करता ती तुमची जबाबदारी आहे. माझी सुरुवात वाईट झाली, माझ्यावर अन्याय झाला, हे खरं असतं. पण तेच रोज उगाळत बसलं तर तेही एक नवं मागचं बाक होतं. आजा जमीन पड टाकायचा तेव्हा बांध घालायचा, दगड वेचायचा, पाला साठू द्यायचा. काहीच न करता सोडलेली जमीन धुपून जाते. पडीच्या वर्षांत पोरांनी निदान वाचायची सवय सोडू नये. भट्टीवर कागद मिळतो, मोबाइल असतो. रोज एक पान. एवढं जरी झालं तरी पुन्हा नांगर लागतो तेव्हा फाळ अडत नाही.

आणि ती नोंद कोणी करायची? पूर्वी पीकपाणी तलाठी लिहायचा. आला तर बघून, नाही तर चावडीत बसून. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी आपल्याच मोबाइलवरून आपलं पीक नोंदवतो. नेटवर्कसाठी आम्हाला टेकाडावर चढावं लागतं तो भाग वेगळा, पण तत्त्व मला पटलं. माझ्या जमिनीत काय आहे ते मी सांगीन. त्या गॅपच्या प्रतिज्ञापत्राचंही मी तसंच केलं. टाइप करणाऱ्यानं नेहमीचा मजकूर काढला होता, 'घरगुती अडचणीमुळे शिक्षणात खंड पडला.' मी म्हटलं, हे असू दे, पण खाली एक ओळ घाल: 'या काळात मी मजुरी करून कुटुंब चालवले व बहिणीचे शिक्षण केले.' टाइप करणारा म्हणाला, त्याची गरज नाही. पोरगा म्हणाला, "लिहा. खरं हाय ते."

पाड्यावरच्या आईबापांना माझं सांगणं एवढंच, की पोर नापास झालं तर त्याची गुणपत्रिका चुलीत घालू नका. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला एका पिशवीत बांधून आढ्याला अडकवून ठेवा, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी. लग्नाची घाई करू नका, पोरीच्या बाबतीत तर अजिबातच नाही. एक-दोन वर्षांनी पोर आपणहून ती पिशवी मागेल. नाही मागितली तर तुम्ही एकदा विचारून बघा. शाळेच्या फॉर्मची तारीख आवणीतच येते, तेव्हा त्या दिवशी त्याला चिखलातून मोकळं करा. एका दिवसाची आवणी दुसऱ्या दिवशी होते.